शिरोलीहून भोसरीला : एका बिलाची वाट

[दृश्य : सकाळची वेळ, कारखान्याचं गेट. ट्रक थांबलेला. वॉचमन चलन तपासतो.]

भोसरी एमआयडीसी. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतून रात्री निघालेला ट्रक गेटवर उभा आहे. आत पंपाच्या बॉडीची 500 कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग. नगाला 640 रुपये दर, म्हणजे कर सोडून 3 लाख 20 हजारांचा माल. ड्रायव्हरकडे बिल, चलन आणि ई-वे बिल. वॉचमन रजिस्टरमध्ये गाडीचा नंबर आणि वेळ लिहितो, चलनावर इनवर्डचा शिक्का मारतो आणि गाडी स्टोअर्सकडे वळते.

माल दोन-तीन दिवसांत मशीनवर चढतो. बिलाला मात्र दोन-दोन महिने लागू शकतात. मग हे भाग ओतणाऱ्या फाउंड्रीतून फोन येतो, "साहेब, आमचं बिल कुठं अडकलंय?"

उत्तर शोधायला अकाउंट्सवाला स्टोअर्सला फोन लावतो. स्टोअर्स म्हणतं, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) केव्हाच झालाय. क्वालिटी म्हणतं, रिपोर्ट दिलाय. पर्चेस म्हणतं, 12 नग रिजेक्ट होते, तसा मेल टाकलाय. तिघंही खरंच सांगतायत. प्रत्येक खात्याकडे आपापल्या कामाची नोंद आहे. एका खात्यातून निघून दुसऱ्या खात्यात पोचेपर्यंत बिल कुठं होतं, ही नोंद मात्र कुणाकडेच नाही.

वर्कफ्लो मॅनेजमेंट सिस्टिम हे सॉफ्टवेअर नेमकी ही मधली नोंद ठेवतं.

[दृश्य : स्टोअर्सच्या टेबलावर तीन कागद शेजारी शेजारी – पीओ, जीआरएन, बिल.]

स्टॉक आणि हिशोब ठेवणारं ईआरपी किंवा टॅली असताना आणखी एक सॉफ्टवेअर कशाला, असं अनेक मालक विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. स्टॉकमध्ये किती कास्टिंग आहेत, पार्टीचं किती देणं आहे, हे ईआरपी सांगतं. म्हणजे जे घडून गेलं, ते. पुढचं काम काय, ते कुणाच्या टेबलावर आहे, कधीपर्यंत व्हायला हवं आणि नाही झालं तर कुणाला कळवायचं, हे वर्कफ्लो सांभाळतो. तो ईआरपीची जागा घेत नाही. गेटचं रजिस्टर, क्वालिटीची एक्सेल, ईआरपी, मेल आणि बँक यांच्यामधून एक दोरा ओवतो.

आपल्या बिलाचंच बघू. पीओ (खरेदीची ऑर्डर) 500 नगांचा. चलनावर 500. मोजून उतरले 500. क्वालिटीनं 488 पास केले. 12 नगांत ब्लो होल, म्हणजे ओतताना हवेनं पडलेली छिद्रं, निघाली. म्हणजे देय रक्कम 488 गुणिले 640, 3 लाख 12 हजार 320. बिल आहे 3 लाख 20 हजारांचं. फरक 7 हजार 680 रुपयांचा, त्याची डेबिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम बिलातून वजा करायचा कागद. पीओ, जीआरएन आणि बिल यांचा हा मेळ म्हणजे थ्री-वे मॅच. बेरीज-वजाबाकी शाळेतल्या मुलालाही जमेल. अडतं ते यामुळे की तिन्ही कागद वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांकडे येतात.

[दृश्य : पांढऱ्या फळ्यावर मार्करनं आकृती उमटते.]

वर्कफ्लो बांधायची सुरुवात आकृतीनं होते. त्यासाठी बीपीएमएन नावाची चिन्हांची भाषा आहे, तिची 2.0 आवृत्ती 2011 साली आली आणि 2013 मध्ये ती आयएसओ मानक झाली. बारीक रेषेचं वर्तुळ म्हणजे सुरुवात, जाड रेषेचं म्हणजे शेवट. गोल कोपऱ्यांचा चौकोन म्हणजे काम. पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार म्हणजे फाटा : आत फुली असेल तर एकच वाट धरायची, अधिकचं चिन्ह असेल तर सगळ्या वाटा एकदम चालू. खात्यांसाठी आडवे पट्टे आखायचे. रेषा एका पट्ट्यातून दुसऱ्यात जिथं जिथं जाते, तिथं पेन थांबवा. बहुतेक उशीर या ओलांडण्याच्या जागीच साचलेला असतो.

ही आकृती मीटिंग रूममध्ये बसून काढली तर ती चुकते. विचारलं की माणसं काम कसं व्हायला हवं ते सांगतात. म्हणून अलीकडची वीस बिलं काढायची. त्यात पाच भांडणाची हवीतच : रिजेक्शन झालेलं, दरात फरक असलेलं, अर्धाच माल आलेलं, पीओ मागाहून निघालेलं, बिल हरवून डुप्लिकेट मागवलेलं. प्रत्येक बिल हातात घेऊन त्याच्या वाटेनं चालत जायचं आणि दर टेबलावर दोन वेळा लिहायच्या : कागद आला कधी, आणि हातात घेतला कधी. या दोन वेळांमधलं अंतर पाहिलं की पुढचं निम्मं काम सोपं होतं.

[दृश्य : आकृतीवर एक लाल ठिपका सरकत जातो.]

आकृती तयार झाली की ती इंजिनात, म्हणजे आकृती चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, भरतात. कॅमुंडा, फ्लोएबल, जेबीपीएम ही अशी इंजिनं. प्रत्येक बिलासाठी इंजिन त्या आकृतीची एक स्वतंत्र चालू प्रत उघडतं आणि त्यात एक ठिपका सोडतं, त्याला टोकन म्हणतात. टोकन जिथं आहे, तिथं काम आहे. या कल्पनेचं मूळ 1962 सालच्या कार्ल अ‍ॅडम पेट्री या जर्मन गणितज्ञाच्या प्रबंधात आहे. त्याच्या जाळ्यांना आजही पेट्री नेट म्हणतात.

टोकन समजलं की अडकलेलं बिल शोधता येतं. आता एक चूक जवळून बघू, कारण ती फार ठिकाणी होते.

कास्टिंगला इन्स्पेक्शन लागतं. हातमोजे, कॉटन वेस्ट, कटिंग ऑइल यांना लागत नाही. म्हणून आकृतीत फुलीचा फाटा टाकतात : इन्स्पेक्शन हवं की नको. टोकन एकाच वाटेनं जातं. पुढं मात्र कुणीतरी दोन्ही वाटा अधिकच्या चिन्हानं जोडून ठेवतं. अधिकचं चिन्ह दोन्ही बाजूंनी टोकन येईपर्यंत हलत नाही. हातमोज्यांचं बिल एका वाटेनं येऊन तिथं उभं राहतं आणि कधीच न होणाऱ्या इन्स्पेक्शनची वाट बघत बसतं. पडद्यावर एररही दिसत नाही, कारण इंजिनाच्या मते सगळं ठीक चाललंय. उपाय साधा : ज्या चिन्हानं फोडलं, त्याच चिन्हानं जोडायचं. आणि चाचणी घेताना नुसती कास्टिंगची बिलं घ्यायची नाहीत, हातमोज्यांचंही एक घ्यायचंच.

[दृश्य : मेलबॉक्स. बिलाच्या पीडीएफ. एकावरचा क्यूआर कोड मोठा होतो.]

दुसरा अवघड भाग ओळख पटवण्याचा. बिल कधी मालाआधी मेलवर येतं, कधी मालासोबत, कधी दोन्हीकडून. आलेला कागद कोणत्या चालू प्रतीला जोडायचा? नुसत्या बिल नंबरावर भिस्त ठेवता येत नाही. 47 नंबरचं बिल दहा पार्ट्यांकडे असतं, आणि त्याच पार्टीकडे पुढच्या आर्थिक वर्षात पुन्हा येऊ शकतं. म्हणून ओळख तिघांची मिळून करायची : पार्टीचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक), आर्थिक वर्ष आणि बिल नंबर. त्यातही एकजण 0047 टाइप करतो, दुसरा 47. पुढची शून्यं, मोकळ्या जागा, लहान-मोठी अक्षरं आधी एकसारखी करून घ्यावी लागतात. नाहीतर एकच बिल दोनदा आत येतं आणि दोनदा पेमेंट जातं.

इथं ई-इनव्हॉइसचा, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेल्या बिलाचा, मोठा आधार आहे. 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींच्या वर वार्षिक उलाढाल असलेल्या व्यवसायांना दुसऱ्या नोंदणीकृत व्यवसायाला बिल देताना ते करावं लागतं. त्या बिलाला आयआरएन हा 64 अक्षरी क्रमांक मिळतो आणि तो क्यूआर कोडमध्ये असतो. स्टोअर्समध्ये कोड स्कॅन केला की टायपिंगच्या चुकांचा प्रश्न उरत नाही. पार्टी त्याहून लहान असेल, तर वरची तिहेरी ओळखच कामाला येते.

डबल नोंदीची आणखी एक वाट आहे. इंजिन ईआरपीला सांगतं, 3 लाख 12 हजार 320 चं व्हाउचर टाक. ईआरपी टाकतं, पण तेवढ्यात नेटवर्क तुटतं आणि उत्तर परत पोचत नाही. इंजिनाला वाटतं काम झालं नाही. ते पुन्हा सांगतं. दोन व्हाउचर. म्हणून प्रत्येक विनंतीसोबत एकच कायमचा क्रमांक जायला हवा आणि त्या क्रमांकाचं व्हाउचर आधीच आहे का, हे ईआरपीच्या बाजूनं बघायला हवं. पुन्हा प्रयत्नही मोजके ठेवायचे : एक मिनिटानं, पाच मिनिटांनी, अर्ध्या तासानं. त्यानंतर ते काम अडलेल्या कामांच्या यादीत टाकायचं आणि ती यादी रोज सकाळी उघडणारा माणूस नावानिशी ठरवायचा. तो नेमला नाही तर बिलं टेबलावरून उठून सर्व्हरमध्ये अडकतात, एवढाच फरक पडतो.

घाईत काहीजण ईआरपीच्या डेटाबेसमध्ये थेट लिहितात. हे कधीच करू नये. ईआरपीच्या तपासण्या तिथं चालत नाहीत, आणि पहिल्या अपडेटला सगळं कोसळतं.

[दृश्य : कॅलेंडर. गुरुवारचे रकाने राखाडी होतात.]

आता मुदतीचं गणित. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं किती दिवसांत द्यायची, हे 2006 च्या एमएसएमईडी कायद्यात आहे. लेखी करार असेल तर ठरलेली तारीख, पण जास्तीत जास्त 45 दिवस. करार नसेल तर 15. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय 2024-25 या आकारणी वर्षापासून आयकराचीही अट आली : अशा उद्योगाचं देणं मुदतीत दिलं नाही, तर ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे जातील त्याच वर्षी तो खर्च धरता येतो.

म्हणून टायमर कुठून सुरू होतो, हे फार महत्त्वाचं. अनेक ठिकाणी तो अकाउंट्सनं बिल हातात घेतल्यापासून लावलेला असतो. ते चूक आहे. कायदा माल स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजतो, आणि माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर पोचल्याचा दिवस हाच स्वीकाराचा दिवस धरतो. आपल्या 12 सदोष नगांची हरकत तोंडी फोनवर सांगून भागणार नाही. गेट एन्ट्री झाली की दोन घड्याळं सुरू व्हायला हवीत : एक हरकतीचं, एक पेमेंटचं. हरकतीच्या घड्याळाचा पहिला इशारा सातव्या दिवशी क्वालिटीला, दुसरा बाराव्या दिवशी प्लांट हेडला.

हे दिवस कॅलेंडरचे. खात्यातल्या कामाची मुदत मात्र कामाच्या तासांत मोजायची. पिंपरी-भोसरी पट्ट्यात अनेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, बँकेची रविवारी आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी. बाहेरून आलेलं सॉफ्टवेअर शनिवार-रविवार सुट्टी धरून चालतं. मग रविवारी कामावर असलेल्या माणसाला काम दिसत नाही आणि गुरुवारी घरी असलेल्याच्या नावावर उशीर चढतो. पहिल्याच आठवड्यात माणसांचा विश्वास उडतो, आणि तो परत मिळवायला फार वेळ लागतो.

[दृश्य : मोबाइलवर मंजुरीचा मेसेज. अंगठा क्षणभर थांबतो.]

मंजुऱ्यांबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. सिस्टिम आली की प्रत्येक साहेबाला आपली एक सही हवी असते. पाच सह्या झाल्या की पाचही जण समजतात, बाकीच्या चौघांनी बघितलंय. मेळ बसलेल्या बिलाला नवी मंजुरी लागूच नये. दर आणि नग पीओच्या वेळीच मंजूर झालेत. रुपया-दोन रुपयांच्या राउंड ऑफसाठीही बिल थांबवू नये. माणसाची सही फरकाला लागावी, आणि ती करताना पीओ, जीआरएन, बिल आणि रिजेक्शनचा फोटो एकाच पडद्यावर समोर असावा.

काम व्यक्तीच्या नावावर न टाकता पदावर टाकायचं. साहेब रजेवर असतील तर बदली माणूस आधीच नेमलेला हवा, तारखांसकट. ही सोय नसली की पासवर्ड कागदावर लिहून दिला जातो, आणि मग नोंदीत साहेबांनी सही केली असं दिसतं, तेव्हा साहेब तुळजापूरला असतात. पीओ काढणारा आणि फरक मंजूर करणारा एकच माणूस नसावा, हा नियमही आकृतीतच बांधून टाकता येतो.

नियम बदलले की आकृतीची नवी आवृत्ती येते. समजा, मॅनेजरची मंजुरीची मर्यादा 1 लाखाची 2 लाख झाली. नवी बिलं नव्या आवृत्तीनं जातात, पण आधी सुरू झालेली जुन्या आकृतीवरच चालत राहतात. त्यांचं काय करायचं, हे बदल टाकायच्या आधी ठरवावं. मर्यादेसारखे आकडे आकृतीत न लिहिता वेगळ्या तक्त्यात ठेवले, तर ही वेळ बरेचदा येतच नाही. आणि मार्चअखेरीस असला कुठलाही बदल करू नये.

[दृश्य : रात्रीचा कारखाना. पडद्यावर नोंदींची लांब यादी.]

तीन महिने सिस्टिम चालली की तिच्या नोंदी वाचायला बसायचं. प्रत्येक ओळीत बिल, टप्पा, माणूस, सुरुवात आणि शेवट. आपल्या कास्टिंगच्या नोंदीत असं दिसतं : इन्स्पेक्शनचं काम चाळीस मिनिटांचं, पण त्याआधीची वाट दीड दिवसाची. दुपारी तीननंतर उतरलेल्या मालाची स्लिप स्टोअर्सवाला दुसऱ्या दिवशी सकाळी क्वालिटीकडे पोचवतो, कारण तोवर त्याची शिफ्ट संपलेली असते. तो आपलं काम नीटच करतोय. बदल करायचाय तो आकृतीतल्या एका बाणात. क्वालिटीला निरोप जीआरएन झाल्यावर न जाता गेट एन्ट्रीलाच जावा, म्हणजे ट्रक वजनकाट्यावर असतानाच इन्स्पेक्टर गेज घेऊन निघतो.

[दृश्य : इन्स्पेक्टर कास्टिंग उचलतो, टॉर्च मारतो, ब्लो होलभोवती पिवळ्या खडूनं गोल काढतो आणि मोबाइलवर फोटो घेतो.]