मालच नव्हता हो, रूळ होते!

नमस्कार मंडळी. दूधसागरचा फोटो मोबाइलमध्ये नाही असं इथं कोणी असेल असं मला वाटत नाही. दुधासारखा धबधबा आणि मधोमध पूल, पुलावर गाडी. आज बोलायचंय ते पुलाबद्दल, म्हणजे तो बांधणाऱ्या कंपनीबद्दल, कारण ती बिचारी कंपनी जन्मभर रडत राहिली.

वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे. नाव पोर्तुगीज, पैसा लंडनचा, कंपनी 1881 साली तिथेच निघाली. सगळं सुरू झालं ते 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज तहातून. इंग्रजांना हुबळी-धारवाडच्या कापसासाठी जवळचं बंदर हवं होतं. कारवार होतं की, पण हुबळीहून तिकडे रेल्वे न्यायचं नुसतं बोलणंच चाललं होतं (ते अजूनही चाललंय बरं का, हुबळी-अंकोला!), आणि गोव्यात मुरगावचं बंदर आयतंच होतं. मग तहात ठरलं की पोर्तुगीजांनी रेल्वेला व्याजाची हमी द्यायची, दोन्हीकडचे जकात नाके उठवायचे आणि गोव्याच्या मिठाचा ताबा इंग्रजांकडे द्यायचा, त्याबदल्यात इंग्रज वर्षाला 4 लाख रुपये देणार.

मीठ म्हणजे काय, तर गोव्यातल्या मिठागरवाल्यांचं पोट. त्यांना कोण विचारतंय, सही लिस्बनला झाली!

रेल्वे 1888 ला पुरी झाली, मुरगाव ते कॅसलरॉक (घाटमाथ्यावरचं सरहद्दीचं स्टेशन), साधारण 82 किलोमीटर, मीटरगेज. मडगाव-सावर्डेपर्यंत सपाट रान, काही त्रास नाही. खरा खेळ घाटाच्या पायथ्याचं कुळे सोडल्यावर. ब्रागांझा घाट, दूधसागरचा पूल याच घाटात. चाळीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा चढ, आणि तो संपतच नाही, एकामागून एक बोगदे, खाली दरी, वरून कोकणातला पाऊस. मालगाडीला पुढचं इंजिन पुरत नाही, मागून ढकलायला आणखी लावावं लागतं, आणि उतरताना तर ब्रेकवाल्याच्या जिवावरच सगळं. इंजिनं दोन, कोळसा जास्त, डबे मात्र कमी. असा घाट चालवायचा तर खाली-वर दोन्हीकडून भरपूर माल पाहिजे.

तो आला नाही. कॅसलरॉकच्या पुढे इंग्रज मुलखातली सदर्न मराठा रेल्वे, तिचा माल इकडे यावा असा हिशोब होता. पण तिचे रूळ बेळगाव-मिरजेवरून पुण्यालाही पोचले, आणि तिथून पुढे मुंबई. आता हुबळीच्या व्यापाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवा, मुंबईत दलाल ओळखीचे, पेढ्या ओळखीच्या, बोटी रोज, मग तो कशाला जाईल मुरगावला? मला विचाराल तर घाटानं नाही मारलं या कंपनीला, घाट तर बांधून काढला त्यांनी, मारलं ते या एका साध्या गोष्टीनं. स्वतःच्या मुलखात माल नाही, परक्याच्या मालावर भिस्त, आणि परक्याला दुसरी वाट मिळाली.

व्याजाची हमी मात्र तशीच. गाडी रिकामी धावली तरी लंडनच्या भागीदारांना पैसे द्यायचे, ते कोणी, तर पोर्तुगीज सरकारनं. मिठाचे ते 4 लाख येत होते तोवर निदान काही टेकू होता. तहाची मुदत 12 वर्षांची, 1892 ला संपली, पुढे वाढवलीच नाही. 4 लाख गेले, जकात नाके परत आले, आणि प्रवाशांच्या ट्रंका सरहद्दीवर पुन्हा उघडायला लागल्या. हमी तेवढी राहिली! शेवटी 1902 मध्ये गाडी चालवायचं कामच सदर्न मराठाकडे गेलं.

आणि माणसं? माणसं मात्र भरपूर गेली या गाडीनं. गोव्यातून पोटापाण्यासाठी मुंबईला निघालेला माणूस आधी बहुतेक बोटीनं जायचा, आता कॅसलरॉकवरूनही जायला लागला.

आता गंमत ऐका. त्याच घाटातून आज मुरगावच्या बंदरात उतरलेला कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे वर चढतो. 1888 ला हवा होता तो माल अखेर आला, उलट्या दिशेनं, आणि आता गोव्यातलीच माणसं म्हणतायत की रूळ दुपदरी नको, जंगल जाईल. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या कामाची वन्यजीव मंडळाची परवानगी रद्द केली. चला, प्रश्न असतील तर विचारा, मी जरा पाणी पितो.