एकच चित्रकार, अख्खी टर्म

श्रोतेहो नमस्कार. घरीच मुलांना शिकवणारे आईबाबा मला नेहमी विचारतात, चित्र काढायला शिकवतो हो, पण चित्र बघायला कसं शिकवायचं, आम्हालाच त्यातलं काय कळतंय? मी सांगते, एकच चित्रकार घ्या आणि तीन-चार महिने दुसऱ्या कुणाकडे वळूच नका. आज पिकासो, उद्या रविवर्मा असं केलं की नावं पाठ होतात आणि डोळ्यात काहीच उरत नाही. इंग्लंडच्या शार्लट मेसन या शिक्षिकेने शंभर वर्षांपूर्वी हीच पद्धत घालून दिली, टर्मला एक चित्रकार, त्याची सहा चित्रं, बस्स.

आपण गोव्यातले, म्हणून मी म्हणेन आंजेलो द फोन्सेका घ्या. जन्म 1902 चा, सांतेस्तेव्हचा, म्हणजे आपलं जुवें, जिथली सात शिरांची भेंडी आपण बाजारात शोधून घेतो ना तेच. आधी मुंबईला जे. जे. कलाशाळेत, मग ते सोडून बंगालात अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकले. गोव्यात परत येऊन त्यांनी मारिया, म्हणजे येशूची आई, काढली ती साडी नेसलेली, सावळी, अनवाणी. पोर्तुगीज अमदानीत ते इथल्या बऱ्याच लोकांना अजिबात रुचलं नाही, शेवटी ते पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात जाऊन राहिले आणि 1967 मध्ये पुण्यातच वारले.

पण प्लीज, यातलं काहीही मुलांना आधी सांगू नका! चित्र समोर ठेवा, दोन-तीन मिनिटं गप्प बघू दे, मग चित्र पालथं करा आणि आता काय काय आठवतंय ते सांग म्हणा. मुलं पायापासून सुरू करतील, हिच्या पायात चप्पल नाही, हिने पदर डोक्यावरून घेतलाय, मागे डोंगर आहे, आणि मोठ्या माणसाला जे शेवटी दिसतं ते त्यांना आधी दिसतं. आपल्याकडच्या मुलांनी म्हापशाचं मिलाग्रीस सायबिणीचं, म्हणजे मारियेचंच, फेस्त पाहिलेलं असतं, शिरगावची लईराई देवी तिची बहीण हे आजीकडून ऐकलेलं असतं, त्यामुळे साडीतली मारिया बघून ती दचकत नाहीत. मग त्यांना सांगायचं की या चित्रांवरून मोठी माणसं चिडली होती. का चिडली असतील, हा प्रश्न मुलांवर सोडा, उत्तराची घाई करू नका, काही मुलं आठवड्याने जेवताना बोलतात.

आता सगळ्यात मजेचा भाग, वॉश. बंगाल शैलीतली ही पद्धत जपानी चित्रकार 1903 मध्ये कलकत्त्याला आले त्यांच्याकडून अवनींद्रनाथांनी उचलली आणि स्वतःची केली. कागदावर पातळ रंग द्यायचा, सुकू द्यायचा, मग अख्खा कागद पाण्यात बुडवायचा, वर काढून पुन्हा रंग, असं कितीतरी वेळा. परातीत पाणी घ्या आणि मुलांना करू द्या, फक्त कागद जाड, 300 जीएसएमचा आणा, साधा ड्रॉइंग पेपर फाटतो आणि मूल रडवेलं होतं. फोन्सेकांचं चित्र कॉपी करायला मात्र लावू नका, आपली आजी काढ, शेजारची मावशी काढ, काहीही काढ म्हणा. हे करून झालं की परत फोन्सेकांकडे या, मग मुलं चेहऱ्याच्या कडा बघतात, रंग एकमेकांत कसे विरघळलेत ते बोट दाखवून सांगतात, आणि ते तुम्ही वर्कशीट देऊन कधीच शिकवू शकला नसता.

मोबाईलवर बघून मात्र भागणार नाही, वॉशचे थर स्क्रीनवर दिसतच नाहीत. त्यांच्या पत्नीने, आयव्हीबाईंनी, त्यांची बरीच चित्रं झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चला दिलीत, आधी फोन करून विचारा आणि मुलांना घेऊन जा.

आणि टर्म संपली की आंतोनियु झेवियर त्रिंदाद घ्या, सांग्यात जन्मलेले, 1870 चे, त्यांची चित्रं पणजीत फोंताइन्हासला फुंदासांव ओरियेंत या संस्थेत आहेत. तिथे बरंचसं तैलरंगात, गडद, अंधारातून चेहऱ्यावर उजेड येतो तसं. मुलांना आत नेऊन उभं करा आणि तुम्ही गप्प राहा, फोन्सेका इतके दिवस पाहिलेलं मूल फरक स्वतःच सांगायला लागेल.