रेडिएटरचं झाकण उघडून बघा

श्रोतेहो, नमस्कार.

सोयाबीनचा पैसा हातात आला की आपल्याकडं जुन्या गाड्यांची विचारपूस सुरू होते. विकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून दिवाळीच्या सुमारास भाव ताठ असतो. पेरणी उरकून सगळ्यांचे खिसे बी-खतात रिकामे झाले, की भाव जरा नरमतो. तेव्हा आपलाही खिसा रिकामाच असतो, ही गोष्ट वेगळी.

माझी पहिली गाडी जुनी मारुती एटहंड्रेड. १९८३ च्या डिसेंबरात निघालेली ही गाडी २०१४ च्या सुरुवातीपर्यंत बनत राहिली. तिचं ७९६ सीसीचं तीन सिलेंडरचं इंजिन ओम्नीतही तेच. त्यामुळं पार्ट तालुक्यालाच मिळतात, आणि माझ्या मते जुन्या गाडीची निम्मी किंमत यातच असते. स्वस्तात मिळालेली महागडी गाडी एका सेन्सरपायी आठ-आठ दिवस दारात उभी राहते.

तर ती घेताना मी रंग बघितला, टेप वाजवून बघितला, झालं. पुढं तुळजापूरला निघालो, तर औसा ओलांडल्यावर तापमानाचा काटा लाल पट्टीवर. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील, गेलं होतं. मिस्त्रींनी ऑईलचं झाकण उघडून दाखवलं. आत सायीसारखा पांढरट चिकटा, म्हणजे पाणी ऑईलमध्ये उतरलेलं. रेडिएटर, म्हणजे इंजिनचं पाणी थंड करणारी जाळी, काढून उलटा केला तर तांबडा गाळ आणि क्षाराच्या खपल्या.

ही सगळी बोअरच्या पाण्याची करणी. आपलं पाणी जड, घरातल्या हीटरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. वर मे महिन्यातलं बेचाळीस डिग्रीचं ऊन. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा प्यायलाच पाणी नव्हतं तिथं गाडीसाठी डिस्टिल वॉटर कोण आणणार? पण एरवी तरी कूलंटच, म्हणजे रेडिएटरसाठीचं खास द्रावणच घाला. आणखी एक खोड म्हणजे गाडी हीट मारते म्हणून थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवणारी झडपच, काढून टाकायचा. मग इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

म्हणून गाडी बघायला गेलात की इंजिन थंड असताना, थंड असतानाच बरं का, रेडिएटरचं झाकण उघडा. पाणी तांबूस दिसलं किंवा वर तेलाचा तवंग दिसला, तर किमतीतून हेडचं काम आधी वजा करा. नंतर टायर. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायर जुना असेल, तर नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं झालेलं असतं.

मुंबई पासिंगची गाडी स्वस्त दिसली तर मॅट उचलून पत्रा बघा. खाऱ्या हवेचा गंज वरच्या रंगात दिसत नाही. दारावरून लोहचुंबक फिरवा, जिथं चिकटत नाही तिथं पोचा भरायला लावलेली पुट्टी.

भंगारातला दरवाजा, काच, डायनामो, सेल्फ मी बिनधास्त बसवतो. ब्रेकचं सामान मात्र नवंच. इंजिनच बदललेलं असेल तर आरसी बुकावरचा इंजिन नंबर जुळतो का ते बघा, नाहीतर आरटीओत अडकाल. शिवाय सातबाऱ्यासारखा गाडीवरही बोजा असतो. बँकेचं कर्ज फिटलं तरी फॉर्म ३५ देऊन तो उतरवावा लागतो. नाव ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३०. पंधरा वर्षं पूर्ण होत आली असतील, तर पुढच्या पाच वर्षांच्या रीपासिंगचा खर्च कोण करणार, हे इसार देण्याआधीच ठरवा.

आणि जायचं ते सकाळी, न सांगता. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवायचा. ज्याला गार इंजिनची कुरकुर लपवायची असते, तो गाडी आधीच चालू करून ठेवतो. परभणीकडच्या एका गृहस्थांनी मला तीनदा सांगितलं, "दादा, येण्याआधी फोन करा." चौथ्यांदा मी फोन न करता गेलो. गाडी धक्का मारून चालू करायचं काम चाललं होतं. मीही दोन हात लावले, चहा घेतला आणि एसटीनं परत आलो.