लष्करी अळीच्या पेशी आणि शेजारच्या पिंजऱ्यातले उंदीर

मक्याच्या पोंग्यात बसून कोवळी पानं फस्त करणारी अमेरिकन लष्करी अळी भारतात २०१८ मध्ये पहिल्यांदा आढळली. प्रयोगशाळांत मात्र तिच्या पेशी त्याआधी कित्येक वर्षं वाढवल्या जात होत्या. तिच्या कोषातल्या अंडाशयापासून मिळवलेल्या या पेशींना 'एसएफ-९' म्हणतात. २७ अंशांच्या उबेत त्या छान वाढतात.

आता सूक्ष्मदर्शकाखाली बघा. या पेशींना बॅक्युलोव्हायरसची, म्हणजे अळ्यांना ग्रासणाऱ्या एका विषाणूची, लागण केली आहे. दोन-तीन दिवसांत पेशी फुगते, केंद्रक पसरतं आणि त्यात चकाकते, बहुकोनी कण दाटतात. हे पॉलिहेड्रिन नावाचं प्रथिन. अळीबाहेर ते विषाणूला जपतं; पण काचपात्रातल्या पेशींत त्याच्यावाचून विषाणूचं काहीच अडत नाही. १९८३ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठात मॅक्स समर्स आणि गेल स्मिथ यांनी नेमका याचाच फायदा घेतला. विषाणूतल्या पॉलिहेड्रिनच्या जनुकाच्या जागी माणसाच्या इंटरफेरॉनचं, म्हणजे विषाणूंशी लढणाऱ्या प्रथिनाचं, जनुक बसवलं आणि अळीच्या पेशी इंटरफेरॉन बनवू लागल्या.

मग लशींचे प्रयोग सुरू झाले. १९८८ मध्ये अशाच पेशींत तयार झालेली डेंग्यूची प्रथिनं उंदरांना टोचली गेली आणि डेंग्यूच्या मेंदूज्वराला त्यांनी तोंड दिलं.

पण उंदीर वाचले, एवढ्यावर विश्वास ठेवू नका. खरा कस लागतो तो शेजारच्या पिंजऱ्यात. तिथल्या उंदरांनाही त्याच पेशी, तोच बॅक्युलोव्हायरस. फक्त डेंग्यूचं जनुक नसलेला. हा पिंजरा नसेल, तर लस लागू पडली असं म्हणताच येत नाही. २००३ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांना नाकावाटे नुसता बॅक्युलोव्हायरस दिला. त्यात इन्फ्लुएंझाचा अंशही नव्हता, तरी ते उंदीर इन्फ्लुएंझाच्या प्राणघातक संसर्गातून वाचले! त्यांची उपजत प्रतिकारशक्ती त्या विषाणूनेच जागी केली होती.

माणसाच्या लशीत असा गोंधळ चालत नाही. तिथे पेशी आणि विषाणू बाजूला काढून प्रथिन शुद्ध करावं लागतं. अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळालेली फ्लूची 'फ्लूब्लॉक' अशीच बनते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'कोव्होव्हॅक्स'ही त्याच वाटेने आली. डिसेंबर २०२१ मध्ये तिला आपल्याकडे आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. तिच्यातलं कोरोनाचं काटेरी प्रथिन याच लष्करी अळीच्या पेशींत तयार झालेलं आहे.