फ्रँचायझी घेण्याआधी: गल्ल्यात कुणाचा वाटा किती

श्रोतेहो, नमस्कार. बेळगावातली टिळकवाडी, कॉलेज रोड किंवा निपाणीचा हायवे, कुठंही बघा, चहा, पिझ्झा, आइस्क्रीम, चष्मे, रक्ततपासणी अशा ब्रँडच्या पाट्या दिसतात. यातल्या बऱ्याच दुकानांत पैसा इथल्याच माणसाचा असतो. कंपनीचं असतं ते नाव, काम करायची पद्धत आणि ती ठरावीक वर्षं वापरायची परवानगी. या परवानगीलाच फ्रँचायझी म्हणतात. आज तिचा हिशेब मांडू. कागद-पेन असेल तर जवळ घ्या.

सुरुवातीला एकरकमी फी जाते, आणि ती सहसा परत मिळत नाही. मग जागेचं डिपॉझिट, इंटिरिअर, यंत्रं, पहिला माल. एवढं झाल्यावर निदान सहा महिन्यांचं भाडं आणि पगार भागेल इतकी रक्कम वेगळी हवी. कंपनीच्या रंगीत माहितीपत्रकात हा आकडा बहुधा सापडत नाही.

दुकान सुरू झालं की रॉयल्टी, म्हणजे नाव वापरल्याबद्दल कंपनीला द्यायचा वाटा, सुरू होते. ती नफ्यावर नसते, विक्रीवर असते. इथंच बहुतेकांचा अंदाज चुकतो. उदाहरणादाखल एक खाण्याचं दुकान घेऊ. जीएसटी सोडून महिन्याची विक्री ६ लाख. माल आणि पॅकिंग ४० टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार. रॉयल्टी ६ टक्के आणि जाहिरात वर्गणी २ टक्के मिळून ४८ हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी, ८,६४० रुपये. हा जीएसटी नीट लिहून घ्या. रेस्टॉरंट ५ टक्के दरानं बिल करतं तेव्हा त्याला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी वजा करायची सोय, मिळत नाही, त्यामुळे ही रक्कम वळती होत नाही, खिशातूनच जाते.

पुढं भाडं ६० हजार, सहा पोरांचे पगार ९० हजार, लाईट आणि गॅस ३५ हजार, घरपोच ॲपवाल्यांचं कमिशन ४० हजार, किरकोळ दुरुस्ती १५ हजार. सगळं वजा केलं की हातात ६३ हजारांच्या आसपास राहतात. बँकेचं १५ लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी असेल, तर हप्ता सुमारे ३२,६०० रुपये. उरले ३० हजार, तेही दिवसभर स्वतः काउंटरवर बसून.

आता विक्री ५ लाखांवर आली असं धरा. मालाचा खर्च कमी होईल, कमिशन आणि रॉयल्टीही थोडी कमी होईल. पण भाडं, पगार, लाईट तेवढंच. हातात २० हजारसुद्धा उरत नाहीत, आणि हप्ता ३२,६०० चाच. कंपनीला मात्र या महिन्यातही आठ टक्क्यांनी ४० हजार मिळतात. यात लबाडी नाही, कराराची रचनाच तशी आहे.

आणि विक्री इथं हटकून घटते. जूनपासून आपल्याकडं, खानापूर भागात तर फारच, पावसाची झड लागते; तेव्हा आइस्क्रीम, सरबताचं गिऱ्हाईक कमी होतं. कॉलेजांना सुट्टी लागली की विद्यार्थ्यांवर चालणारी दुकानं मंदावतात. कंपनीचा अंदाजपत्रक-तक्ता मात्र अनेकदा पुण्या-बेंगळुरूच्या विक्रीवर बेतलेला असतो. म्हणून तक्ता बाजूला ठेवा आणि धारवाड, सांगली, कोल्हापूर अशा गावांतल्या चालू दुकानांचे वर्षभराचे जीएसटीआर-३बी, म्हणजे विक्री आणि कर दाखवणारी जीएसटीची विवरणपत्रं, बघायला मागा. बंद पडलेल्या दुकानांच्या मालकांचे नंबरही मागा. त्यांच्याशी अर्धा तास बोललात तरी माहितीपत्रकापेक्षा जास्त कळेल.

आपल्या देशात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. १८७२ चा करार कायदा आणि १९९९ चा ट्रेडमार्क कायदा यांवरच काम चालतं. कंपनीनं कुठली माहिती आधी द्यायलाच हवी, असं सांगणारा खास नियम नसल्यानं विचारायचं काम तुमचं. पहिलं, ट्रेडमार्क खरंच नोंदलेला आहे का, आणि कुणाच्या नावावर? सरकारी ट्रेडमार्क संकेतस्थळावर हे फुकट शोधता येतं. अर्ज केलाय आणि नोंदणी झाली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

करारात हद्दीचं कलम, म्हणजे तुमच्यापासून किती अंतरात कंपनी दुसरं दुकान देणार नाही, ते नीट वाचा. तीन किलोमीटर म्हटलं तर ऐकायला बरं वाटतं, टिळकवाडीतून तेवढ्यात बेळगावचा बराचसा बाजार येतो. पण ॲपवरची घरपोच विक्री त्या हद्दीत धरली आहे का, हे लिहून घ्या. नाहीतर दुसऱ्या टोकाचं त्याच नावाचं दुकान तुमच्या गल्लीत डबे पोचवेल.

मुदतही जुळवा. ब्रँडचा करार पाच वर्षांचा आणि जागेचा ११ महिन्यांचा, ही जोडी धोक्याची आहे. मालकानं जागा काढून घेतली की इंटिरिअरचा खर्च बुडतो. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदवावाच लागतो. तो खर्च आधीच धरा.

सीमाभागातल्या लोकांनी मालाचा डेपो कुठला, हे जरूर विचारावं. निपाणीहून कोल्हापूर जेमतेम ४० किलोमीटर. पण कंपनीनं राज्यानुसार विभाग पाडले असतील तर माल हुबळीहून किंवा बेंगळुरूहून येईल आणि वाहतूक तुमच्या अंगावर पडेल. कोल्हापूरहून माल घ्यायची मुभा असेल तर ती करारात लिहून घ्या. मग परराज्यातल्या खरेदीवरचा जीएसटी म्हणजे आयजीएसटी, आणि ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल हा वाहतुकीचा ऑनलाइन कागद, एवढंच सांभाळायचं.

पाटीचंही तसंच. २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर ६० टक्के मजकूर कन्नडमध्ये आणि वरच्या भागात लागतो. कुणाचं मत काही असो, दिल्लीहून आलेली तयार पाटी उतरवून नवी करायचा खर्च तुमचाच. कन्नड आराखडा कंपनीकडून आधीच मंजूर करून घ्या. हेस्कॉम या वीज कंपनीकडं वीजभार वाढवायचा अर्जही इंटिरिअर सुरू होतानाच द्या. फ्रीजर आणि एसी आल्यावर धावपळ केली तर उद्घाटन लांबतं आणि भाडं चालूच राहतं.

फोनवर 'डॉमिनोजची फ्रँचायझी मंजूर झाली, नोंदणी फी भरा' असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. भारतात ती दुकानं जुबिलंट फूडवर्क्स स्वतः चालवते. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या फोन नंबरवर तक्रार करा. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवणं अवघड.

शेवटचं कलम बाहेर पडायचं. करार मध्येच सोडला तर लॉक-इनचा, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी बाहेर पडल्याचा, दंड किती, उरलेला माल कंपनी परत घेणार का, दुकान दुसऱ्याला विकताना हस्तांतर फी किती, आणि वाद झाला तर लवाद बेळगावात की गुरुग्राममध्ये? करार संपल्यावरही 'तोच धंदा करू नका' ही अट करार कायद्याच्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. करार चालू असताना मात्र ती टिकते. नाव, पाटी आणि कंपनीचा मसाला तर संपल्यावरही वापरता येत नाही. सही करण्यापूर्वी ही पानं वकिलाकडून वाचून घ्या, आणि त्यांची फीसुद्धा सुरुवातीच्या खर्चात धरा.