चपलांपाशी
(संक्रांतीच्या मेळाव्यातील भाषण, थोडं संपादित)

मंडळी, नमस्कार. जूनमध्ये आपण पार्कात सगळ्यांसाठी नाचाचा दिवस करतोय, त्याबद्दल बोलायला कार्यकारिणीनं मला उभं केलंय. पण सुरुवात भोंडल्यापासून करावी लागेल.

भोंडल्याच्या रात्री घरी परतताना माझी सात वर्षांची लेक मागच्या सीटवरून म्हणाली, "आई, दादाला चपलांपाशी का ठेवलं होतं?" इथे ब्रिटनमध्ये जन्मलेली पोर, तिचं मराठी मी दिवसभर दुरुस्त करत असते. सवयीनं तोंडातून निघालं, "ठेवलं नाही गं, बसवलं म्हणतात." आणि तिथेच जीभ अडली. कारण त्याला तिथे मीच ठेवलं होतं.

तो आपल्यातल्याच एका घरातला, चौदा वर्षांचा, व्हीलचेअरवर असतो. हॉलमध्ये सतरंज्या घातल्या होत्या, मधे पाटावर हत्ती, आणि मी त्याच्या आईला म्हणाले, "चाकं बाहेरची आहेत, सतरंजीवर नको. इथे दाराशी बरं पडेल." ती काही बोलली नाही. तिनं खुर्चीचा ब्रेक लावला आणि त्याच्या पायाशी आलेले कोणाचे तरी बूट बाजूला सरकवले.

लेक पुढे सांगत होती. खिरापत ओळखायला डबा वाजवला तेव्हा आपण सगळ्या लाडू, करंजी, शंकरपाळे म्हणून ओरडत होतो. तो दारातून "भडंग" म्हणाला. दोनदा म्हणाला. त्याचा आवाज बारीक आहे, कोणाला ऐकूच गेला नाही. डब्यात भडंगच होतं.

आता पार्काचं. पहिल्या बैठकीत ढोल किती, फेटे कुठून मागवायचे, लेझमीचा सराव कोणाच्या गॅरेजमध्ये, यातच दीड तास गेला. जागेचा विचार कोणी केलाच नाही. हिरवळ फोटोत छान दिसते, पण ओल्या गवतात व्हीलचेअरची पुढची लहान चाकं रुततात. म्हणून मी टेनिस कोर्टासाठी हटून बसले आहे. तिथली जमीन सपाट आणि टणक आहे, आणि फाटकातून खुर्ची जाते की नाही हे मी टेप घेऊन मोजून आले. काउन्सिलची परवानगी, विमा ही कामं चालू आहेत.

संडासाचं मात्र सांगते, कोणाला अवघड वाटलं तरी. अपंगांच्या संडासाला कुलूप असतं, ते रडार चावीनं, म्हणजे देशभरातल्या अशा संडासांना चालणाऱ्या एकाच चावीनं, उघडतं. ती चावी त्या दिवशी आपल्यापैकी कोणाकडे तरी हवीच. पण एवढ्या मोठ्या मुलाचे कपडे बदलायचे तर तिथे जागा पुरत नाही. मग आई त्याला संडासाच्या फरशीवर आडवं करते. मोठा बाक आणि माणसाला उचलायचा हॉइस्ट असलेलं 'चेंजिंग प्लेसेस' संडास गाडीवरचं भाड्यानं मिळतं. फेट्यांचे पैसे त्याला देऊ या, असं मी सुचवलं. जरा वेळ कोणी बोललं नाही. मग एकानं विचारलं, "पण आपल्यात असं कोणी आहे का?"

आहेत हो. ढोल-ताशा सुरू झाला की कानांवर हात दाबून रडणारा मुलगा आहे. त्यांचं घर मिरवणुकीला यायचं बंद झालं, आणि आपण म्हणालो, हल्ली ते बिझी असतात. आपली नावं विसरलेल्या, पण मंगळागौरीची गाणी अथपासून इतिपर्यंत पाठ असलेल्या एक आजी आहेत. शेवटचं त्यांना कोणी आणलं होतं? इथला २०१० चा समानता कायदा २५ किंवा जास्त सभासद असलेल्या मंडळांनाही लागू आहे, अपंग सभासदांसाठी रास्त सोयी करायला सांगतो. पण कायद्याच्या धाकानं केलेल्या नाचात मला तरी रस नाही.

आपल्याकडचे नाच आठवून बघा. पालघरकडे तारपा नाचतात तेव्हा तारप्याला, म्हणजे त्या फुंकून वाजवायच्या वाद्याला, पाठ करत नाहीत. वाजवणारा वळेल तशी अख्खी रांग वळते, चाल त्याची. आपला गोल मात्र फिरतो दणकट पायांच्या चालीनं, आणि दमेल तो बाहेर पडतो. यंदा गोलाची चाल सगळ्यात हळू असेल त्यानं ठरवावी, असं मला वाटतं. लेझीम तर बसून येतेच. परवा मी खुर्चीत बसून शाळेतले सगळे हात करून पाहिले, सरांच्या शिट्टीसकट आठवले. पायाशी वाकून घ्यायचा ठोका सोडला तर काही अडलं नाही. मुठीत जोर नसेल त्याच्या मनगटाला लेझीम पट्टीनं बांधू. पहिला तास ढोल नाही, नुसते टाळ. नंतर ढोल आला की ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी खुशाल त्याला हात लावून उभं राहावं.

गेल्या आठवड्यात मी त्याच्या आईला फोन केला. भोंडल्याबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, "अगं, असू दे, सवय आहे." मग जूनचं सांगितलं. कोर्ट, फाटक, गाडीवरचं संडास, सगळं. तिनं नीट ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "ते ठीक आहे गं. पण गोलात नक्की कुठे ठेवणार त्याला?"

तीही 'ठेवणार'च म्हणाली. यावेळी शब्द दुरुस्त करायची माझी हिंमत झाली नाही. येणार का, असं विचारलं तर म्हणाली, "बघू."