वर्षाचा विजेता कोणाला म्हणायचे? नॅसकारमधील प्लेऑफचा वाद

मित्रहो, आज ज्या वादाविषयी बोलायचे आहे, त्याची सुरुवात मी एका टायरपासून करतो. २ नोव्हेंबर २०२५ रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, फिनिक्सच्या एक मैल लांबीच्या ट्रॅकवर नॅसकार या अमेरिकी मोटार शर्यतींच्या संघटनेच्या कप मालिकेची वर्षातील अखेरची शर्यत होती. वीस वर्षे पूर्णवेळ शर्यती करूनही ज्याला एकदाही अजिंक्यपद मिळाले नव्हते, तो डेनी हॅम्लिन ३१२ फेऱ्यांच्या या शर्यतीत तब्बल २०८ फेऱ्या आघाडीवर होता. तीन फेऱ्या उरल्या असताना विल्यम बायरनच्या गाडीचा टायर गेला, वेग कमी करण्याची खूण असलेला पिवळा झेंडा लागला आणि इतक्या वेळात कमावलेले अंतर पुसले जाऊन सगळ्या गाड्या पुन्हा एकामागोमाग लागल्या. पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायला थांबतात त्या जागी, हॅम्लिनच्या चमूने चारही टायर बदलले, काइल लार्सनच्या चमूने दोनच. चार टायर बदलायला वेळ जास्त लागतो, त्यामुळे हॅम्लिन दहाव्या स्थानावर फेकला गेला आणि लार्सन पाचव्या स्थानावरून निघाला. शर्यत लांबवून घेतलेल्या दोन फेऱ्यांत लार्सनने तिसरा आणि हॅम्लिनने सहावा क्रमांक मिळवला, आणि अजिंक्यपदासाठी उरलेल्या चौघांत पुढे आला म्हणून वर्षाचे अजिंक्यपद लार्सनकडे गेले. त्या दिवशी लार्सन एकाही फेरीत आघाडीवर नव्हता. शर्यत जिंकली ती रायन ब्लेनीने. परंतु तो प्लेऑफच्या, म्हणजे मोसमाच्या अखेरीच्या बाद फेऱ्यांच्या, आधीच्या टप्प्यात बाद झालेला असल्यामुळे अजिंक्यपदावर त्याचा हक्कच नव्हता.

लार्सनला यात दोष देण्याचे काही कारण नाही. नियम होते तसा तो खेळला, आणि २०२१ मध्ये दहा शर्यती जिंकून अजिंक्यपद मिळवणाऱ्या चालकाच्या कुवतीविषयी कोणी शंका घेऊ नये. प्रश्न आहे तो नियमांचा. फेब्रुवारीत डेटोनाच्या शर्यतीपासून नोव्हेंबरपर्यंत छत्तीस शर्यती होत असतील, तर त्यांचा निकाल शेवटच्या दिवशी चारच चालकांमध्ये, त्यांच्यापैकी कोण पुढे आला एवढ्यावर लावणे योग्य आहे का?

हा नियम आला कसा, हे समजून घेण्यासाठी २००३ पर्यंत मागे जावे लागते. १९७५ पासून चालत आलेल्या गुणपद्धतीत पहिल्याला १७५ गुण मिळत आणि दुसऱ्याला १७०. एक जरी फेरी आघाडीवर काढली तर पाच गुण जास्तीचे, आणि सर्वांत जास्त फेऱ्या आघाडीवर काढणाऱ्याला आणखी पाच. म्हणजे विजेत्याचे १८० होत, आणि सर्वाधिक फेऱ्या आघाडीवर राहून दुसरा आलेल्याचेही १८०च. जिंकणारा आणि हरणारा गुणांच्या हिशेबात बरोबरीत! याच पद्धतीत २००३ साली मॅट केन्सेथ वर्षभरात एकच शर्यत जिंकून, पण सातत्याच्या बळावर, अखेरच्या शर्यतीआधीच अजिंक्य ठरला. त्याच वर्षी आठ शर्यती जिंकणारा रायन न्यूमन सहाव्या क्रमांकावर राहिला. प्रेक्षकांचा रोष रास्त होता. परंतु माझ्या मते उपाय चुकीच्या जागी केला गेला. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकातले अंतर वाढवायचे सोडून वर्षाचेच दोन तुकडे केले गेले. २००४ पासून पहिल्या सव्वीस शर्यतींनंतर आघाडीच्या चालकांचे गुण जवळजवळ आणायचे आणि अखेरच्या दहा शर्यतींत निकाल लावायचा, अशी ‘चेस’ नावाची पद्धत सुरू झाली. शरद ऋतूत अमेरिकन फुटबॉलचा मोसम भरात असतो. त्या दिवसांत दूरचित्रवाणीवरचा प्रेक्षक धरून ठेवायचा, हाही हेतू त्यामागे होता.

मग आला जिमी जॉन्सन. २००६ ते २०१० अशी सलग पाच अजिंक्यपदे त्याने मिळवली, आणि वाद दोन बाजूंनी पेटला. काहींना एकाच माणसाच्या वर्चस्वाचा कंटाळा आला. काहींना वाटले, ही पद्धतच त्याच्या पथ्यावर पडते. २००७ चे उदाहरण दोन्ही बाजू देतात. छत्तीसपैकी तीस शर्यतींत जेफ गॉर्डन पहिल्या दहांत आला होता आणि जुन्या हिशेबाने अजिंक्यपद त्याचेच होते. परंतु जॉन्सनने त्या वर्षी दहा शर्यती जिंकल्या होत्या, गॉर्डनने सहा. इथे मला निर्णय सोपा वाटत नाही, आणि ज्यांना तो सोपा वाटतो त्यांनी ते आकडे पुन्हा पाहावेत.

वर्चस्वाचा कंटाळा हे कारण मात्र मला पटत नाही. १९६७ मध्ये रिचर्ड पेटीने सत्तावीस शर्यती जिंकल्या, त्यांतल्या दहा लागोपाठ. आणि आजही जुने प्रेक्षक ते वर्ष अभिमानाने सांगतात. वर्चस्व हा काही खेळाला जडलेला आजार नाही. पण २०१४ मध्ये त्यावर औषध म्हणून बाद फेऱ्या आणल्या गेल्या: सोळा चालक, मग बारा, मग आठ, मग चार. पहिल्याच वर्षी रायन न्यूमन एकही शर्यत न जिंकता अंतिम चौघांत पोहोचला आणि होमस्टेडच्या अखेरच्या शर्यतीत केव्हिन हार्विकच्या मागे दुसरा आला. एका स्थानाने अजिंक्यपद हुकले. २०२० मध्ये त्याच हार्विकने नऊ शर्यती जिंकल्या आणि तो अंतिम चौघांत पोहोचलाच नाही.

माझा मूळ आक्षेप याच्याही आतला आहे. कुस्तीत बाद फेरी शोभते, कारण आखाड्यात एका वेळी दोघेच उतरतात आणि सगळ्यांची सगळ्यांशी गाठ घालून देणे शक्य नसते. शर्यतीत दर आठवड्याला सगळे चालक एकाच ट्रॅकवर, एकाच वेळी एकमेकांशी लढतात. ज्यांची गाठ छत्तीस वेळा पडते त्यांना बाद करून नेमके काय सिद्ध करायचे? शिवाय बाद झालेला चालक घरी जात नाही. तो त्याच शर्यतीत असतो, आणि फिनिक्सला ब्लेनीने केले तसे तो ती जिंकूही शकतो.

तरीही या पद्धतीने एक क्षण असा दिला, जो मी विसरणार नाही. २०२२ मध्ये मार्टिन्सव्हिलच्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर रॉस चॅस्टेनला अंतिम चौघांत जायला दोन स्थाने कमी पडत होती. शेवटच्या वळणावर ब्रेक लावायचे सोडून त्याने गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकली, बाहेरच्या भिंतीला चिकटवली आणि भिंतीच्याच आधाराने ती वळू दिली. पाच गाड्या मागे पडल्या, आणि अंतिम चौघांतून बाहेर पडला तो हॅम्लिन. पुढच्या मोसमापासून या युक्तीला बंदी आली, आणि सुरक्षेचा विचार करता ती यायलाच हवी होती. पण अशी जिद्द त्या दोन स्थानांच्या निकडीतून जन्मली, हे प्लेऑफच्या समर्थकांचे म्हणणे मी मान्य करतो.

जानेवारी २०२६ मध्ये नॅसकारने बाद फेऱ्या रद्द केल्या आणि चेस परत आणला: सोळा चालक, दहा शर्यती आणि सलग हिशेब. त्याहून महत्त्वाचे म्हणजे विजयाला आता ४० ऐवजी ५५ गुण आहेत आणि दुसऱ्याला ३५च. २००३ मध्ये करायला हवे होते ते हेच. गुण जवळ आणण्याची प्रथा मात्र कायम आहे. सव्वीस शर्यतींनंतर पहिल्याला २१०० आणि दुसऱ्याला २०७५ गुण देऊन नवा डाव सुरू होतो. तोवर शंभर गुणांची आघाडी घेतलेल्या चालकाच्या हाती त्या दिवशी पंचवीसच उरतात, आणि माझा आक्षेप आता तेवढ्या पंचाहत्तर गुणांपुरता आहे.